राइट-ऑफ केलेला शब्द

“बंद कर! आरं, बंद कर म्हणते ना ते! घटनेनं राइट-ऑफ केलेली गोष्ट आहे ती, आणि तुम्ही ती परत ताळेबंदात आणताय?”

तुर्भ्याच्या त्या छापखान्यात मशीनं धडधडत होती, बाहेर ट्रकवाले एकमेकांच्या आयाबहिणींची चौकशी करत होते, आणि तरीही, शालन, तुझा आवाज रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत गेला. तो किटली हातात धरूनच बघायला आला. मशीनवर म्हात्रेदादा होते, तळवलीचे, कानात कापसाचे बोळे घालून आयुष्य काढलेले. त्यांनी एक बोळा काढला.

“ओ मॅडम, मशीन हाय ही. बैलगारी नाय, अशी हाक मारून थांबाची.”

“मग कशी थांबते?”

“लाल बटन हाय.”

“मग दाबा की!”

“सायबांना इचारल्याबिगर कसा दाबू?”

तू हातातलं पान त्यांच्या नाकासमोर धरलंस. आपल्या बँकेच्या वार्षिक अहवालाची मराठी आवृत्ती, ताळेबंदाच्या मागच्या टिपा. बँकेच्या मालकीच्या ज्या गोष्टींना हात लावता येत नाही, म्हणजे सॉफ्टवेअर, विकत घेतलेला नावलौकिक वगैरे, त्यांची टीप. इंग्रजीत इनटँजिबल ॲसेट्स. तू वर्षानुवर्षं तिथं ‘अमूर्त मालमत्ता’ लिहीत आलीस. त्या पानावर मात्र ठळक टायपात आलं होतं: ‘अस्पृश्य मालमत्ता’.

म्हात्रेदादांनी ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्या कानातला बोळा काढला. आणि सायबांना न विचारता बटण दाबलं.

झालं ते एवढंच. मी शेजारीच उभा होतो, म्हणून सांगतो. बाकी जी आवृत्ती बँकेत फिरते, तू मशीन एका हातानं अडवलंस, कागदाचं रीळ गुंडाळून फेकलंस, आणि ऐरोलीच्या ऑफिसात पोचेपर्यंत तर आख्खं मशीन वाशीच्या खाडीत बुडवलंस, ती माझी आहे. तुला माहीतच आहे. तू मला पहिल्या दिवसापासून थापाड्या म्हणत आलीस आणि मी त्या नावाला कधी कमीपणा येऊ दिला नाही.

पण आज थाप मारायला बसलेलो नाही. तू गेलीस आणि तुझ्या सर्व्हिस फायलीत तो मेमो राहिला. छापखान्यात आरडाओरडा केल्याचा. तो मागे घ्यायला लावल्याशिवाय मी गप्प बसणार नाही असं मी स्मशानातच ठरवलं होतं, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय हे बेलापूरच्या आपल्या आख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. त्या भांडणाचं काय झालं ते तुला सांगायचंय. मधे मधे दुसरं काही निघालं तर चालवून घे.

आणखी एक. इतकी वर्षं चारचौघांत तुला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणत आलो, ऑफिसची रीत म्हणून. आता सरळ अगंतुगं करतोय. हरकत असेल तर अर्ज कर. कँटीनवाला अजून दुपारी तुझ्या नावानं ताक पाठवतो आणि मी ते पितो, तेही त्याच अर्जात घाल.

*

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी हिशेब खात्यात, तू भाषा विभागात. ताळेबंदाच्या टिपा मी इंग्रजीत करायचो आणि तुझ्याकडे मराठीसाठी पाठवायचो. पहिल्याच वर्षी तू फायल घेऊन माझ्या टेबलापाशी आलीस.

“हे गुडविल म्हणजे काय ते आधी मला समजावून सांगा. शब्दकोशात सदिच्छा आहे. बँकेकडे एवढी सदिच्छा असती तर पासबुक छापायला माणसं तासभर रांगेत उभी राहिली नसती.”

मी खुर्ची दिली. मी समजावायला लागलो की समोरच्याला खुर्ची लागते. म्हटलं, बघा मॅडम, मोठी बँक छोट्या बँकेला गिळते. छोट्या बँकेची इमारत, रोकड, कर्जं, सगळ्याची किंमत लावली. पण मोठ्या बँकेनं त्याच्यापेक्षा जास्त पैसे मोजले. का मोजले? तर त्या बँकेचं गावात नाव होतं. हे जे वरचे जास्तीचे दिले, त्याला हात लावून दाखवता येत नाही, पण दिलेत तर खरे. म्हणून ते मालमत्ता म्हणून मांडायचं. गुडविल.

तू पेन गालाला लावून ऐकलंस.

“म्हणजे किमतीच्या वर दिलेलं.”

“हो.”

“परत न मिळणारं.”

“बहुतेक.”

“आणि थोड्या वर्षांनी का दिलं होतं ते कुणालाच आठवत नाही.”

“अगदी!”

“मग हे मानपान झालं की! लग्नातलं!”

मी इतका हसलो की खालच्या मजल्यावरच्या कर्ज विभागानं फोन करून विचारलं. तुला सांगतो, त्या वर्षी अहवालात ‘मानपान’ छापायचं माझ्या फार मनात होतं. तू मात्र ‘नावलौकिक’ लिहिलंस. हसायचं ते टेबलावर, लिहायचं ते कागदावर, आणि दोन्हींत गल्लत करायची नाही, हा तुझा शिरस्ता. मला तो कधी जमला नाही.

इनटँजिबलला मी ‘इनटँजिबल’च ठेवा म्हणत होतो. लोकांना कळतं, म्हटलं. तू म्हणालीस, कुठल्या लोकांना? आणि मला खाली शाखेत घेऊन गेलीस. एक पेन्शनर आजोबा उभे होते, त्यांना अहवालाचं पान दाखवलंस. त्यांनी वाचलं, “इन-टांजी-बल. टांजी? हे बलवर्धक आहे का काही?” तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. वर येऊन ‘अमूर्त’ लिहिलंस आणि तो विषय बंद केलास. तेव्हापासून दर वर्षी तो शब्द त्या जागेवर बसायचा, घरच्या माणसासारखा. आतल्या पानावर बारीक अक्षरात यायचं: मराठी आवृत्ती, आणि पुढं तुझं नाव. तेवढंच तुझं नाव आख्ख्या बँकेत छापून यायचं. पगारपत्रकावर तर नुसता नंबर.

*

मग मशीन आलं. भाषांतराचं. पेटी नाही, चाक नाही, धूर नाही, आलं कधी आणि बसलं कुठं हे कुणी पाहिलं नाही, पण तुझ्या विभागातली माणसं एकेक करून दुसरीकडे गेली आणि तू एकटी उरलीस. तुझं काम काय, तर मशीननं केलेल्या मराठीवरून नजर फिरवायची. आणि गंमत बघ, ते मशीन विकत घेतल्याचा खर्च मीच माझ्या हातानं त्या टिपेत घातला. सॉफ्टवेअर. इनटँजिबल. म्हणजे जी ओळ त्यानं बिघडवली, त्याच ओळीत ते स्वतः राहतं! राहत्या घरावर असली पाटी लावणारा भाडेकरू मी दुसरा बघितला नाही.

त्या प्रुफाची दुपार. तू पान माझ्या टेबलावर ठेवलंस आणि बोट टेकवलंस. मला वाटलं, आकडा चुकला. आकडे तपासत बसलो. मग बोटाकडे बघितलं.

मी बोललो नाही काही. हे तुला तेव्हा विचित्र वाटलं असेल, कारण मी आडव्या गेलेल्या मांजरालाही दोन वाक्यं ऐकवतो. पण शब्द सापडेना. आणि शब्द सापडत नाही तेव्हा मी उठून तुझ्याकडे यायचो, ही इतक्या वर्षांची सवय. तू तर समोरच उभी. जायचं कुठं?

मग तू मशीनची नोंद उघडून दाखवलीस. आधी त्यानं ‘अस्पर्श्य’ असं काहीतरी तयार केलं होतं. मग त्याच्याच शुद्धलेखनवाल्या भागाला तो शब्द ओळखीचा वाटला नाही, म्हणून त्यानं बदलून दिला. शेजारी कारणही होतं, दोनच शब्द. तू मोठ्यानं वाचलेस.

“अधिक प्रचलित.”

पुन्हा वाचलंस. “अधिक प्रचलित म्हणे. खोटं नाही बोलत बिचारं.”

आपण दोघं महाव्यवस्थापकांकडे गेलो. साहेब भला माणूस, आवाज कधी चढवत नाही, पदार्थात मीठ नसावं तसा. म्हणाले, “मॅडम, संस्कृतमध्ये करेक्ट आहे ना पण? स्पर्श करता येत नाही ते. टेक्निकली.”

“टेक्निकली सर, घटनेत कलम आहे त्याच्यावर.”

“अहो, तळटीप आहे ती. कोण वाचतं तळटीप?”

“मी वाचते. त्याचाच पगार देता तुम्ही मला.”

“प्लेट्स गेल्यात मॅडम प्रेसला. सभा तोंडावर आली. पुढच्या वर्षी नक्की दुरुस्त करू. मी नोंद करून ठेवतो.” आणि खरोखरच त्यांनी डायरीत नोंद केली. पुढच्या वर्षाच्या डायरीत! ती त्यांच्याकडे आधीच आलेली होती.

बाहेर आलो. कँटीनमध्ये बसलो. तू मला विचारलंस, ह्या मालमत्तेचं पुढं काय करतात? मी आपला हिशेबी माणूस, मला वाटलं, चला, विषय बदलला. मी उत्साहानं सांगायला लागलो. म्हटलं, ताळेबंदात मांडतात, पण बँक किती भक्कम आहे हे मोजायची वेळ आली की नियामक म्हणतो, ह्या वजा करा. भांडवलातून बाहेर काढा. वेळप्रसंगी ह्यांचा उपयोग नाही.

“म्हणजे कागदावर आहेत.”

“आहेत.”

“पण मोजायला बसले की बाजूला काढतात.”

“हो. नियमच आहे तसा.”

तू ताकाचा ग्लास खाली ठेवलास. “म्हणजे गावात आहेत, गावकीत नाहीत.” आणि हसलीस. “मग मशीन तुझं शहाणंच म्हणायचं की रं. बरोबर वळाखलं त्येनं.”

रागावलीस की तुझ्या बोलण्यात फलटण यायचं. हसताना फलटण आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शालन, मला प्रत्येक प्रसंगावर विनोद येतो. लग्नात येतो, ऑपरेशन थिएटरच्या दारात येतो. त्या वेळी आला नाही, आणि आलेला नसताना मी काहीतरी बोललो नाही याबद्दल मी स्वतःला आजही शाबासकी देतो.

“आमच्या घरातनं हा शब्द भाईर काढायला दोन पिढ्या गेल्या,” तू म्हणालीस, “आणि हे आर्ट पेपरवर छापून घरोघर पाठवणार. वर माझं नाव घालून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ऑफिसला न येता सरळ तुर्भ्याला गेलीस. मला फोन केलास तो रिक्षातून. “यायचं तर ये. नाही आलास तरी उद्या आल्यासारखं सांगशीलच.”

*

पान बदललं. ते पान काढलं, नवीन प्लेट झाली, ‘अमूर्त’ आपल्या जागी येऊन बसला, अहवाल वेळेवर निघाला, सभा झाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. आणि तुला मेमो आला.

तो मी जेवढ्या वेळा वाचलाय तेवढ्या वेळा मी माझी लग्नपत्रिकाही वाचली नाही. बाहेरच्या पुरवठादाराच्या जागेत अशोभनीय वर्तन. वरिष्ठांच्या सूचनेचा अवमान. आणि बँकेच्या प्रतिमेला बाधा. प्रतिमा! म्हणजे पुन्हा अमूर्तच की! जी ओळ सांभाळायला धावलीस, त्याच ओळीला धक्का लावल्याचा आरोप तुझ्यावर. आणि आख्ख्या मेमोत तो शब्द कुठंच नाही. ‘एका संज्ञेच्या संदर्भात’ असं लिहिलंय. अहवालात छापायला लाजले नाहीत, मेमोत लिहायला लाजले.

खाली मागणी: लेखी खेद व्यक्त करावा.

तू लिहिलंस, ‘मी आवाज चढवला हे खरं आहे. तो शब्द पुन्हा दिसला तर पुन्हा चढवीन.’ माझ्या पक्क्या माहितीनुसार (हसू नकोस) साहेबांनी ते वरच्यांसाठी इंग्रजीत करून घ्यायला त्याच मशीनला दिलं, आणि मशीननं ‘आवाज चढवला’चं असं काही केलं की वरच्यांना वाटलं तू छापखान्यात लाउडस्पीकर बसवलास. त्याचा खर्च कोणी दिला अशी विचारणा आली म्हणतात.

चौकशी झाली तेव्हा मला साक्षीला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जसं घडलं तसं सांगितलं. म्हात्रेदादा, बोळे, लाल बटण. चौकशी अधिकारी पेन खाली ठेवून म्हणाले, “तुम्ही जरा कमी करून सांगता का?” म्हटलं, साहेब, कमी केलेलंच आहे. त्यांनी ‘साक्षीदाराच्या कथनात अतिशयोक्ती आढळते’ असं लिहिलं. एवढी वर्षं मेहनत करून कमावलेलं माझं नाव असं माझ्याच अंगावर आलं. तू ते ऐकून पोट धरून हसलीस, आणि त्या आठवड्यात तेवढंच तुझं हसणं मी ऐकलं.

मग आपलं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही, आणि तू मधेच निघून गेलीस म्हणून मी ते जिंकलो असं म्हणणार नाही, पण हरलोही नाही.

नेरूळ स्टेशनबाहेर, भाजीवालीपाशी. तुझी निवृत्ती जवळ आली होती. मेमो उघडा असेल तर निरोप समारंभ नाही, सन्मानपत्र नाही, मागच्या दारानं चावी देऊन निघायचं. मी म्हटलं, “शालन, एक ओळ लिही. खेद वाटतो. संपव विषय. शब्द बदलून घेतलास ना? जिंकलीस ना?”

“खेद वाटत नाही, तर कसा लिहू?”

“खेद कुणाला नसतो? कशाचा ना कशाचा असतोच. त्याचा लिही.”

“मग तुझा लिहून दे. तुझ्याकडं जास्तीचा असेल. माझा शिल्लक नाही.”

“अगं, एक शब्द तर आहे.”

“तेच म्हणते मी. आयुष्यभर शब्द सांभाळायची नोकरी केली, आणि जाताना खोटा देऊन जाऊ?” आणि भाजीवालीकडे वळलीस. “मेथी कशी दिली मावशी?”

मी रागानं कोथिंबीर न घेता घरी गेलो, त्याबद्दल घरी वेगळं भांडण झालं. चार दिवस आपण बोललो नाही. मला उत्तर सुचलं होतं, चांगलं, दणदणीत. म्हटलं सोमवारी सांगू. सोमवारी तुझ्या टेबलावर मशीनचा पडदा नुसताच लुकलुकत होता आणि कँटीनवाला ताकाचा ग्लास घेऊन उभा होता, आणि कुणीतरी फोनवर हळू आवाजात बोलत होतं.

ते उत्तर काय होतं ते तुला आता सांगणार नाही. उत्तर द्यायला समोर माणूस लागतं.

*

बँकेनं शोकसभा ठेवली. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, जिथं योगदिन होतो. तुझ्या फोटोला हार घातला, आणि साहेब बोलायला उभे राहिले. भला माणूस, खरंच भरून आलं होतं त्यांना. म्हणाले, “शालन मॅडम म्हणजे आपल्या बँकेच्या इनटँजिबल ॲसेट होत्या. म्हणजे मराठीत...” त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, कागद जवळ घेतला, एकेक अक्षर नीट उच्चारलं. “अ-मूर्त मालमत्ता.”

बरोबर म्हणाले. तुझा शब्द, तुझ्या जागी. मला तेवढ्यावर बसता आलं असतं.

मी उठलो. माझ्या मागं खुर्ची पडली. स्वतःहून पडली, मी फेकली नाही, पण कुणी विचारलंच तर मी नाही म्हणणार नाही.

“साहेब, एक शंका आहे. अमूर्त मालमत्तेला मेमो काढता येतो का?”

साहेबांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

“अहो, ही वेळ आहे का?” साहेब म्हणाले.

“वेळ तुम्ही पुढच्या वर्षाच्या डायरीत लिहिली होती साहेब. ती आली. मॅडमचा मेमो मागे घ्या. नसेल घ्यायचा तर माझ्याकडे बँकेचे शेअर आहेत, थोडेच आहेत, पण वार्षिक सभेत माईक मिळायला एक पुरतो. मी उभा राहणार, ताळेबंदाच्या त्या टिपेवर प्रश्न विचारणार, आणि गोष्ट पहिल्यापासून सांगणार. आणि मी गोष्ट कशी सांगतो ते इथं सगळ्यांना माहीत आहे.”

शालन, त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होतास. त्यानं मनातल्या मनात ऐरोलीपर्यंत पोचलेली आवृत्ती आठवली, तिला माईक लावला, समोर हजार भागधारक बसवले. चौकशीत ज्या नावानं माझी साक्ष बुडवली, त्याच नावानं त्या दिवशी काम केलं. इतकी वर्षं मारलेल्या थापा एकगठ्ठा वसूल झाल्या. तुझी ती थापाड्या म्हणून हाक मारायची सवय, तिच्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहूनच गेले. आता मानतो.

मागच्या रांगेतून कुणीतरी “बरोबर आहे” म्हणालं. मग शाखेतल्या दोघी. मग चक्क कर्ज विभाग, जो स्वतःच्या पगारवाढीलाही कधी हो म्हणत नाही. साहेब म्हणाले, “मी बघतो.” ह्या वेळी डायरी काढली नाही.

आणि पत्र आलं! मनुष्यबळ विभागाच्या बाई स्वतः घेऊन आल्या. सक्षम प्राधिकाऱ्यांनी मेमो मागे घेण्यास मंजुरी दिली आहे, सेवापुस्तकातून नोंद काढण्यात येईल, बँकेच्या मासिकात तुझ्यावर पान निघेल. खाली एक अट होती. मेमोची मूळ प्रत जमा करावी, त्याशिवाय रद्द केल्याची नोंद होत नाही. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं. मी दुरुस्त करायला पेन काढलं आणि परत ठेवलं. ते काम माझं नाही.

मी पत्र घेऊन थेट तुझ्या घरी गेलो, नेरूळला. पुण्यानुमोदनाला आलेली पाहुणेमंडळी परत गेली होती, दाजी एकटेच होते. तुझा नवरा आयुष्यभर बसवर कंडक्टर, ‘पुढं चला, पुढं चला’ म्हणण्यात त्यांचा बोलायचा कोटा नोकरीतच संपला असं तूच म्हणायचीस. त्यांनी पाणी दिलं. मी सांगायला बसलो. पहिल्यापासून. छापखाना, साहेब, चौकशी, शोकसभा. सभेत माझी खुर्ची दोनदा पडली आणि साहेबांनी हात जोडले, तेवढं मी घातलं, पण दाजींसाठी घातलं, माझ्यासाठी नाही. ते ऐकत होते. शेवटी मी पत्र त्यांच्या हातात ठेवलं.

“जिंकलो आपण, दाजी! मेमो रद्द! फक्त तो ओरिजिनल कागद तेवढा द्या, उद्या जमा करतो.”

त्यांनी चष्मा लावला. पत्र वाचलं, खालची अट दोनदा वाचली. घडी घातली, मला परत दिलं आणि मान वर करून माझ्या डोक्यामागं बघितलं.

मी वळलो. मी आल्यापासून बोलत होतो, मागची भिंत बघायला मला सवड कुठली! तुझ्या पदवीच्या फोटोशेजारी, तेवढ्याच मापाची, तसल्याच सोनेरी पट्टीची फ्रेम. आत मेमो. बँकेचा शिक्का, साहेबांची सही, ‘अशोभनिय वर्तन’ आणि त्यातला ‘नि’ लाल पेनानं दीर्घ केलेला. फ्रेमवाल्याच्या दुकानाचं लेबल अजून कोपऱ्यात चिकटलेलं होतं. आपण बोलत नव्हतो त्या चार दिवसांत तू तिथं जाऊन आली असणार.

तरी मी बोललो. सवय.

“दाजी, ओरिजिनल जमा नाही केला तर तो फायलीत तसाच राहील. कायमचा. रद्द नाही होणार.”

“राहू दे,” दाजी म्हणाले. “झेरॉक्स पायजे तर काढून देतो.”